घरी ठेवायचं की केंद्रात, हे ठरवण्याआधी

पत्राचा गोषवारा: पत्र पाठवणाऱ्या बाई नोकरी करतात, दोन मुलांच्या आई आहेत. वडील 66 वर्षांचे. हिपॅटायटिस बीमुळे त्यांना लिव्हर सिरॉसिस झाला, पोटात पाणी झालं, पायांवर सूज आली. हॉस्पिटलमधून सुटल्यावर ते पत्नीसह लेकीकडे राहायला आले. गेले काही आठवडे ते रात्रभर जागतात, दिवसा बसल्या जागी डुलक्या घेतात, एकदम चिडतात, ‘माझं पाकीट तूच लपवलंस’ असा आळ घेतात. संडास साफ होण्याचं पातळ औषध घ्यायला तोंड उघडत नाहीत. घेतलं की कपडे खराब होतात, म्हणून आईनंही ते कमी करत आता दिवसाआड आणि तेही जेमतेम चमचाभर द्यायला सुरुवात केली आहे. ‘लिव्हरला जड’ म्हणून डाळ, दूध, अंडी बंद आहेत. लागण होऊ नये म्हणून त्यांचं ताट, पेला वेगळा, आणि नातवंडांना त्यांच्या खोलीत जायला मनाई. भाऊ परगावी असतो आणि फोनवरून सूचना देतो. बाई विचारतात, ‘जन्मभर शांत असलेला माणूस इतका हट्टी कसा झाला? मी नोकरी सोडून त्यांच्याजवळ बसू, की त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवू? ठेवलं तर मी वाईट मुलगी ठरेन का?’

ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळींचा निरोप पाठवला होता: आजच बाबांच्या डॉक्टरांशी बोला. तोच इथे पुन्हा लिहिते, कारण असं घर तुमचं एकट्याचं नाही. लिव्हरच्या जुन्या रुग्णाची झोप उलटीपालटी झाली, बोलणं-वागणं बदललं, की पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नसते. आणि सोबत ताप असेल, पोट दुखत असेल, संडास डांबरासारखी काळी आणि चिकट होत असेल, उलटीत रक्त दिसलं, किंवा हाक मारूनही माणूस नीट जागा होत नसेल, तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात न्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. घरी की केंद्रात, असं तुम्ही विचारलंत. पण त्या प्रश्नाच्या मुळाशी तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, की बाबा बदलले. तुमचं पत्र वाचताना मला मात्र स्वभाव बदललेला माणूस दिसला नाही. लिव्हरच्या आजाराचा मेंदूवर होणारा परिणाम दिसला, आणि तोही जवळजवळ पुस्तकात लिहिलेल्या क्रमाने.

आपण खाल्लेल्या प्रथिनांपासून आतड्यातले जीवाणू अमोनिया तयार करतात. चांगलं लिव्हर त्याचा युरिया करून तो लघवीवाटे बाहेर टाकतं. सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक आणि गाठाळ झालेलं असतं, त्याच्या पेशी कमी उरलेल्या असतात, आणि आतड्याकडून येणाऱ्या रक्तातलं बरंचसं लिव्हरला वळसा घालून आडवाटेनं पुढे जातं. त्यामुळे अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं थेट मेंदूपर्यंत पोचतात. याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. सुरुवात बहुतेक वेळा झोपेपासून होते: रात्री टक्क जागं, दिवसा गुंगी. मग चिडचिड, विसरभोळेपणा, संशय, वारांचा आणि वेळेचा घोळ. पुढे झापड, आणि दुर्लक्ष झालं तर बेशुद्धी. पाकीट लपवल्याचा आळ तुमच्या मनाला लागला, हे पत्रातून कळतंच. त्यात तुमच्या नात्याबद्दल काहीही नव्हतं, ताई. तो आजार बोलत होता. म्हणून त्या वेळी वाद घालू नका, पुरावे देऊ नका. ‘शोधू या आपण’ म्हणा, पाकीट त्यांच्या हातात द्या आणि वहीत वेळ लिहून ठेवा.

या बिघाडाला बहुतेक वेळा काहीतरी निमित्त झालेलं असतं: बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव, अंगातलं पाणी कमी होणं, सोडियम-पोटॅशियम बिघडणं, झोपेची गोळी. डॉक्टर ते शोधतील. पोटात पाणी असलेल्या रुग्णात त्या पाण्यालाच संसर्ग होऊ शकतो, आणि कधी कधी त्याची एकमेव खूण म्हणजे असा गोंधळच असते. म्हणून निमित्त घरच्या घरी ठरवून मोकळं होऊ नका. तरीही तुमच्या पत्रातलं एक निमित्त उघड दिसतंय: पातळ औषध कमी झालंय.

ते औषध बहुधा लॅक्ट्युलोज असेल. घरोघरी त्याला ‘जुलाबाचं औषध’ म्हणतात, आणि सगळी गडबड तिथून सुरू होते. जुलाबाचं औषध म्हटलं की पोट साफ झालं की बंद, असा हिशोब मनात येतो. लॅक्ट्युलोजचं काम वेगळं आहे. ही एक प्रकारची साखर, पण आपल्या लहान आतड्यात ती पचत नाही. मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले जीवाणू तिचं आम्ल करतात, त्या आम्लात अमोनिया अडकून पडतो, रक्तात शिरत नाही आणि संडासावाटे निघून जातो. म्हणजे बाबांच्या बाबतीत हे मेंदूचं औषध आहे. डॉक्टर सहसा चमच्यांपेक्षा संडासाचा आकडा ठरवून देतात: दिवसाला 2 ते 3 वेळा मऊ संडास. त्याहून कमी झाली तर डोस वाढवायचा. पाण्यासारखी होऊ लागली किंवा 4-5 वेळा जावं लागलं तर कमी करायचा आणि डॉक्टरांना कळवायचं, कारण फार जुलाब झाले तर अंगातलं पाणी आणि क्षार जातात आणि त्यानंही गोंधळ वाढतो. डोस किती पुढे-मागे करायची मुभा आहे, ते डॉक्टरांकडून एकदा लिहूनच घ्या. तेवढ्यावर पुरेसा फरक पडला नाही, तर जोडीला रिफॅक्सिमिन नावाची गोळी देतात. तिच्याबद्दल विचारायला संकोच करू नका.

बाबा तोंड का उघडत नाहीत, यावर मला थोडं थांबायचंय. तुम्ही त्याला हट्ट म्हटलंत. चव अगदी गोड, चिकट आहे, हे एक कारण. ते सोपं आहे: थंड करून द्या, पाण्यात किंवा फळांच्या रसात मिसळून द्या. दुसरं कारण त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल. आयुष्यभर लेकीला सांभाळलेल्या माणसाला आपली घाण तिच्या हातून साफ होताना पाहावी लागते. औषध नाकारलं की ती वेळ येत नाही, एवढं त्यांना गुंगीतही कळतं. त्यामुळे औषध पोटात जायला हवं असेल, तर आधी संडासाची व्यवस्था त्यांना लाज न वाटता पेलेल अशी करा. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा, तिला आडोसा करा. जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, तेव्हा त्यांना तिथे बसवा. नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा द्या. सकाळी ते त्यातल्या त्यात शुद्धीत असतील तेव्हा सरळ विचारा, ‘बाबा, या कामाला कुणी मदतीला आलेलं चालेल? पुरुष माणूस हवा का?’ पुष्कळदा हा एक प्रश्न विचारला की औषधाची कटकट निम्मी होते.

आईसाठीही एक गोष्ट सांगते, कारण पत्रात त्या कोपऱ्यात उभ्या आहेत आणि चादरी त्याच बदलत आहेत. अंथरूण दोन थरांत घाला. खाली मेणकापड आणि सुती चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि चादर. रात्री खराब झालं तर वरची जोडी गुंडाळून काढली की खालचं अंथरूण कोरडं तयार असतं. गादी उचलायला नको, मध्यरात्री दिवे लावून घर उठवायला नको. कातडी कोमट पाण्यानं धुऊन, न घासता टिपून कोरडी करा आणि झिंक ऑक्साइडचं किंवा पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. लिव्हरच्या रुग्णाची कातडी पातळ झालेली असते. एकदा सोलवटली की प्रत्येक वेळी आग होते, आणि मग तेही औषध नाकारायचं कारण होतं. आईनं डोस कमी केला तो दमल्यामुळे. त्यांना त्याचा दोष लावू नका, आणि भावालाही लावू देऊ नका.

एक सावधगिरी मात्र हवी. झापड असलेल्या माणसाच्या तोंडात पातळ औषध जबरदस्तीनं ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. बसतं करून, जागं असताना, घोट-घोट द्या. इतकी झापड असेल की गिळणंच होत नाही, तर ती इमर्जन्सी समजा.

आणि रात्री झोपत नाहीत म्हणून झोपेची गोळी? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय बिलकूल नको. थकलेलं लिव्हर ती गोळी वेळेत निकामी करू शकत नाही आणि गुंगी बेशुद्धीपर्यंत जाऊ शकते. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या जातीच्या गोळ्याही नकोत. त्यांनी किडनीला धक्का बसतो आणि रक्तस्रावाची भीती वाढते. पॅरासिटॅमॉल चालते, पण सिरॉसिसमध्ये साधारण दिवसाला 2 ग्रॅमच्या आत आणि डॉक्टरांना विचारून. कुणी दिलेली पुडी, काढा, ‘लिव्हरचं टॉनिक’ यांपैकी आत काय आहे ते माहीत नसलेलं काहीही देऊ नका. हिपॅटायटिस बीची रोजची गोळी, टेनोफोव्हिर किंवा एंटेकॅव्हिर, सुरू असेल तर तिचा मात्र एकही दिवस चुकता कामा नये. ती अचानक थांबवली की विषाणू उसळून उरलेल्या लिव्हरवर घाला घालू शकतो.

आता जेवण. डाळ, दूध, अंडी बंद केलीत ती काळजीपोटी, आणि एके काळी डॉक्टरही असंच सांगत. अमोनिया प्रथिनांपासून होतो, तर प्रथिनं तोडा, असा तो सरळ हिशोब होता. तो आता मागे पडला आहे. लिव्हर थकलं की अमोनिया निकामी करण्याचं बरंच काम स्नायू करतात, आणि प्रथिनं तोडली की आधी स्नायूच झिजतात. सिरॉसिसच्या रुग्णाला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. सूज आणि पोटातलं पाणी वगळून वजन 60 किलो धरलं, तर 72 ते 90 ग्रॅम. निरोगी माणसापेक्षा हे जास्तच आहे. दुधाची आणि डाळी-कडधान्यांची प्रथिनं अशा रुग्णांना सहसा चांगली सोसतात, तेव्हा तिथून सुरुवात करा. बाबांचे हात आणि खांदे उघडे करून एकदा नीट पाहा. पोट फुगलेलं असलं तरी दंड बारीक झालेले दिसतील. त्यांच्या आजारातला तो भाग वजनकाट्यावर कळतच नाही.

किती खाल्लं याइतकंच कधी खाल्लं यालाही महत्त्व आहे. चांगलं लिव्हर रात्रीसाठी साखर साठवून ठेवतं, सिरॉसिसचं लिव्हर ती साठवू शकत नाही. त्यामुळे या रुग्णाचा एका रात्रीचा उपास शरीराला निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणासारखा पडतो, आणि भूक भागवायला शरीर स्वतःचेच स्नायू खातं. म्हणून दिवसा 3-4 तासांपेक्षा जास्त पोट रिकामं नको, आणि झोपण्याआधी काहीतरी खाणं हवंच, पिठूळ पदार्थ आणि दूध असं. सकाळी उठल्या-उठल्याही थोडं द्या. पोटात पाणी असल्यामुळे दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून ताट भरून वाढण्यापेक्षा थोडं-थोडं सहा वेळा बरं.

मीठ मात्र तोडायचं. दिवसाला सगळं मिळून साधारण 5 ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आणि पाकिटातले, डब्यातले, खारवलेले पदार्थ त्यातच मोजायचे. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पुष्कळदा पोटॅशियम असतं. बाबांना पाणी उतरायला स्पायरोनोलॅक्टोन सुरू असेल, तर ते मीठ धोक्याचं. पाणी पिणं मात्र स्वतःहून तोडू नका. रक्तातलं सोडियम फार खाली गेलं तरच डॉक्टर ते मोजून द्यायला सांगतात.

एक वही करा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, तशाच हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर वजन. संडास किती वेळा, कशी. ताप. रात्री किती झोप. आणि शेवटी बाबांची सही. रोज त्याच पानावर, एकाखाली एक सही करायला सांगा. अमोनिया चढू लागला की अक्षर आधी मोडतं, बोलणं नंतर. आज त्यांना दोन्ही हात पुढे करून, मनगटं वर उचलून, बोटं फाकवून धरायला सांगा, अंगावर येणाऱ्याला थोपवतो तसे. अर्धा मिनिट पाहा. हात मधूनमधून लटके पडून फडफडले, तर ती या आजाराची ओळखीची खूण आहे. एका मिनिटात किती प्राण्यांची नावं आठवतात, हेही विचारा. ते बरे असतानाचा आकडा लिहून ठेवा आणि पुढे त्याच्याशीच ताडून पाहा. नातवंडांना हा खेळ आवडेल.

सलग दोन-तीन दिवस वजन चढत गेलं तर पाणी साठतंय. आणि गोळ्यांनी पाणी फार झपाट्यानं उतरणंही बरं नव्हे. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलोपेक्षा जास्त, आणि सूज असेल तर 1 किलोपेक्षा जास्त उतरलं की किडनीवर ताण येतो. दोन्ही वेळा वही हातात घेऊन डॉक्टरांशी बोला. डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा ती वही जास्त उपयोगी पडेल.

नातवंडं खोलीत येत नाहीत, ही गोष्ट मला पत्रात सगळ्यात जास्त लागली. हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो, शरीरसंबंधातून पसरतो, बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यातून पाणी प्यायल्यानं, मिठी मारल्यानं, शिंकण्या-खोकण्यानं होत नाही. ताट वेगळं ठेवून तुम्हाला कसलंही संरक्षण मिळालेलं नाही, आणि बाबांचा मात्र एकांतवास झालाय. वेळेचं भान सुटत चाललेल्या माणसाला बंद खोलीत ठेवलं की ते आणखी सुटतं. त्यांना दिवसाचा उजेड, समोर घड्याळ, ओळखीचे आवाज आणि येती-जाती मुलं हवीत.

वेगळ्या ठेवायच्या त्या वस्तू दुसऱ्याच आहेत, आणि त्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही: दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर, साखर तपासायची सुई. सुकलेल्या रक्तातही हा विषाणू 7 दिवस तग धरू शकतो. दाढी इलेक्ट्रिक यंत्रानं करा आणि ब्रश मऊ घ्या. त्यानं तुमचंही संरक्षण होतं आणि बाबांचंही, कारण त्यांचं रक्त लवकर थांबत नाही. कुठे रक्त सांडलं तर हातमोजे घालून आधी टिपून घ्या, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण ओतून 10 मिनिटं ठेवा आणि पुसा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायला जाऊ नका. सुई थेट जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका. हातावर जखम असेल तर ती झाकून काम करा, आणि संडासाचं कोणतंही काम हातमोज्यांनी, नंतर साबणानं हात धुऊन. संडासाच्या कामात हिपॅटायटिस बीचा प्रश्न नाही, ही सगळ्यांसाठीचीच स्वच्छता आहे.

आणि ताई, ताटं वेगळी झाली, पण घरात रक्त कुणी तपासलं का? आई इतकी वर्षं त्यांच्यासोबत राहिल्या आहेत. त्यांची तपासणी सगळ्यात आधी, मग तुमची, भावाची, तुमच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाची: एचबीएसएजी (आत्ता लागण आहे का), अँटी-एचबीसी (कधी लागण झाली होती का) आणि अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का). लागण नसेल आणि संरक्षणही नसेल तर लस घ्या. मोठ्यांना सहसा 3 डोस: पहिला, 1 महिन्यानं दुसरा, पहिल्यानंतर 6 महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर 1-2 महिन्यांनी अँटी-एचबीएस 10 किंवा त्याहून वर आलं की काळजी मिटली. मुलांची लस झाली आहे का ते त्यांच्या कार्डावर पाहा. कुणाला लागण निघालीच, तर तेही वेळेत कळलेलं बरं, कारण आज या विषाणूला दाबून ठेवणारी औषधं आहेत. हिपॅटायटिस सीवर तर बहुतेकांना 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरं करता येतं.

ज्या वाचकांच्या घरी हिपॅटायटिस ए किंवा ईची कावीळ आहे, त्यांनी ताट-पेल्याबद्दलचं वरचं म्हणणं जसंच्या तसं उचलू नये. ते विषाणू विष्ठेतून, दूषित पाण्या-अन्नातून पसरतात. तिथे रुग्णाचा संडास स्वच्छ ठेवणं, हात धुणं, त्यानं इतरांसाठी स्वयंपाक न करणं याला खरोखर अर्थ असतो. घरात गरोदर बाई असेल तर ईच्या बाबतीत दुप्पट जपा. तिच्यासाठी तो जिवावर बेतू शकतो.

अंगाची खाज, हेही तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. नखं कापा, कोमट पाणी वापरा, अंघोळीनंतर ओलसर अंगावरच मॉइश्चरायझर लावा, सुती कपडे घाला. तेवढ्यानं भागलं नाही तर औषधं आहेत. त्यातली कोलेस्टिरामीनची पुडी इतर गोळ्यांबरोबर देऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या, नाहीतर ती त्या गोळ्यांना शोषू देत नाही.

आता नोकरी आणि केंद्र. माझं मत स्पष्ट आहे: हा निर्णय आज घेऊ नका. आज तुम्ही अमोनिया चढलेल्या बाबांकडे पाहून ठरवाल. निमित्त शोधून उपचार झाले आणि औषध नीट सुरू झालं, की पुष्कळ रुग्ण काही दिवसांतच ओळखू येण्याइतके माणसांत येतात. राजीनामा देऊ नका, रजा मिळत असेल तर घ्या. दोन-तीन आठवडे वही भरा, मग पाहा. तेव्हा कदाचित दिवसातून दोन वेळा येणारा मदतनीस पुरेल. कदाचित लिव्हर इतकं थकलेलं असेल की गोंधळ वारंवार होईल, पाणी पुन्हा पुन्हा काढावं लागेल, रात्रीचा माणूस लागेल. त्या परिस्थितीत चांगलं केंद्र निवडणं हीदेखील सेवाच असते, आणि दोन नोकऱ्या ओढून कोसळलेली मुलगी बाबांच्या कामाची नाही. वाईट मुलगी बाबांच्या सहीची वही करायला बसत नाही. तुम्ही पत्र लिहिलंत, इथूनच ते दिसतं.

केंद्र पाहायला गेलात तर भिंतींचा रंग पाहू नका. विचारा: लॅक्ट्युलोजचा डोस संडास मोजून ठरवता का? रात्री किती माणसं असतात? रोज वजन होतं का? झोपेची गोळी कुणाला विचारून देता? मदतनीस घरी ठेवलात किंवा केंद्रात दिलंत, तरी हिपॅटायटिस बी लपवू नका. सांगितलं तर नकार येईल, या भीतीनं लोक लपवतात, मला ठाऊक आहे. पण लस न घेतलेल्या माणसाला त्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के असते. त्याला आधी कळलं तर लस घेता येते, आणि सुई टोचलीच तर शक्यतो 24 तासांच्या आत पुढचा उपचार घेता येतो.

भावाला सूचना पाठवू देऊ नका, काम द्या. औषधांची यादी अद्ययावत ठेवणं, डॉक्टरांच्या तारखा, दर 6 महिन्यांनी होणारी सोनोग्राफी लक्षात ठेवणं (सिरॉसिसमध्ये लिव्हरच्या कर्करोगावर नजर ठेवायला ती लागते), अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी कधी झाली आणि पुढची कधी, हे सगळं फोनवरून होतं. ठरावीक दिवस येऊन राहणं हे त्याच्यावर सोपवायचं दुसरं काम. त्या दिवसांत रात्रीची पाळी त्याची, आणि आई दुसऱ्या खोलीत झोपतील.

बाबा माणसांत आले की एक गोष्ट लांबणीवर टाकू नका. त्यांच्यासमोर, त्यांना विचारून, डॉक्टरांशी बोला: लिव्हर प्रत्यारोपणाचा विचार होऊ शकतो का, नसेल तर का नाही, पुढे काय काय होऊ शकतं. आणि बाबांना विचारा की पुन्हा भान गेलं तर त्यांच्या वतीनं कुणी बोलायचं, अतिदक्षता विभागात कुठवर जायचं, कुठे राहायला त्यांना आवडेल. घरी की केंद्रात, हा प्रश्न तुम्ही मला विचारलात. तो त्यांनाही विचारा. सकाळची वेळ धरा, आई आणि भाऊ दोघंही असू द्या, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून खाली त्यांची त्या दिवशीची सही घ्या.